बोरघाटातली जोडपी

फाल्गुन संपत येतो तसा सह्याद्रीचा रंग उडतो. गवत वाळून पिंगट होते, ओढे आटतात, आणि त्या कोरड्या उतारांवर पळस, पांगारा आणि काटेसावर ही तीनच झाडे लाल-केशरी होऊन उभी राहतात. नेमक्या याच दिवसांत शनिवारी पहाटे ऐरोलीच्या पुलावर दुचाकींची रांग दिसू लागते. मुलुंड-भांडुपची मंडळी थेट पुलावर येतात, घाटकोपरची पूर्व द्रुतगती मार्गाने आणि अंधेरी-जोगेश्वरीची जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने. प्रत्येक गाडीवर बहुधा दोघे असतात. पाठीवर एक पिशवी, डोक्यावर दोन हेल्मेट, आणि पुढे पनवेल, खोपोली, खंडाळा असा सुमारे ऐंशी किलोमीटरचा रस्ता.

दोन दिवसांची सुटी, स्वतःची मोटारसायकल आणि नवरा-बायकोने मिळून निव्वळ हौसेखातर घाट चढणे, यात आज कोणाला काही नवल वाटत नाही. इतिहासाच्या मापाने मात्र ही अगदी कालची गोष्ट आहे. घाट जुना आहे आणि घाट चढणारी जोडपीही जुनी आहेत. हौस तेवढी नवी. ती कोठून आली, याचा हा धागा आहे.

आरंभी एक खुलासा. दुचाकीस्वारांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर प्रवेश नाही. २००२ मध्ये तो मार्ग पूर्ण झाला आणि मोटारी तिकडे वळल्या. दुचाकीला मात्र जुन्या महामार्गानेच जावे लागते. ही मनाई गैरसोयीची खरी, परंतु इतिहासाची आवड असणाऱ्याला ती वरदानच म्हणावी. द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्याला घाट हा बोगद्यांचा एक तुकडा वाटतो. जुन्या रस्त्याने जाणाऱ्याला प्रत्येक वळणावर कोणत्या ना कोणत्या शतकाची खूण भेटते.

सर्वांत जुन्या खुणेसाठी घाट चढून थोडे पुढे जावे लागते. लोणावळ्यापलीकडे कार्ले येथे डोंगरात कोरलेले चैत्यगृह आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या काळातले हे काम. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतून निघालेला माल घाट चढून देशावर जात असे; घाटाच्या पायथ्याशी कोंडाणे आणि माथ्यावर कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी त्या वाटेच्या आधाराने वाढली. कार्ल्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकट या गावचे यवन आहेत, आणि वैजयंतीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठीही आहे. त्याने हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे अभिमानाने नोंदवले आहे. व्यापाऱ्याला जाहिरातीचे अंग असतेच. येथे ती अतिशयोक्ती ठरत नाही, एवढेच.

त्या चैत्याच्या दर्शनी भिंतीवर, दारांच्या दोन्ही बाजूंना, पूर्ण उंचीची दांपत्यशिल्पे आहेत. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी असलेली, अंगाने भरलेली, प्रसन्न चेहऱ्यांची जोडपी. ती दात्यांची चित्रे आहेत की मंगलसूचक मिथुने, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढे काही शतकांनी त्यांच्या मधल्या जागेत बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या, तरी जोडप्यांना कोणी हलवले नाही. मुंबईहून आलेले तरुण दांपत्य आज त्यांच्यासमोर उभे राहून छायाचित्र काढते, तेव्हा भिंतीवरच्यांची अंगलट अधिक मोकळी दिसते.

त्याच लेण्यांच्या अंगणात एकवीरा आईचे देऊळ आहे. कोळी, आगरी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातील अनेक घराण्यांची ही कुलस्वामिनी. चैत्रात तिची यात्रा भरते आणि मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावरचे कोळीवाडे घाट चढून वर येतात. वेसावा, मढ, भांडुप, मुलुंड ही नावे उपनगरे होण्यापूर्वीची आहेत, आणि तिथल्या मूळ रहिवाशांना वसंतात डोंगराकडे जाण्याची वाट कोणी शिकवावी लागली नाही. लग्नानंतर नव्या जोडप्याने कुलदैवताला जाऊन यावे, ही रीतही त्यात आली. उपनगरातून वसंतात जोडीने घाट चढण्याची ही बहुधा सर्वांत जुनी परंपरा. तिला सहल म्हणत नसत, जत्रा म्हणत.

शिवकाळाचा मोह येथे आवरता घ्यावा लागतो. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत कारतलबखानाची झालेली कोंडी, त्याच्यासोबत असलेली रायबागन, हे सारे याच डोंगररांगेत घडले. पण खान उतरला तो कुरवंड्याच्या वाटेने, बोरघाटाने नव्हे. ती कथा स्वतंत्र धाग्याची आहे.

बोरघाटाला रस्ता म्हणावे असे रूप येऊ लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, आणि तेही तोफांसाठी. १८०४ च्या सुमारास आर्थर वेलस्लीने येथील वाट तोफखाना नेण्याजोगी करून घेतली. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूचा विजेता आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. खंडाळ्याजवळच्या नागफणीच्या सुळक्याला इंग्रजांनी ड्यूकचे नाक म्हटले ते त्याच्याच नाकावरून. गंमत अशी की आज ‘ड्यूक्स नोज’ म्हणून तिथे जाणाऱ्या बहुतेकांना ड्यूकही ठाऊक नसतो आणि नाकही; मराठी नाव मात्र अजून सापाच्या फण्याकडे बोट दाखवते.

पेशवाई बुडाल्यावर मुंबई आणि पुणे ही एकाच सत्तेची दोन केंद्रे झाली आणि मधला डोंगर ही सरकारची अडचण झाली. गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत कॅप्टन ह्यूज याच्या देखरेखीखाली घाटात गाडीरस्ता बांधला गेला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी तो खुला झाला. त्याच रस्त्यावरचा दगडी कमानीचा पूल पुढे एका वेदनाशामक मलमाच्या जाहिरातफलकामुळे ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला जाऊ लागला. बांधणाऱ्याचे नाव विसरले गेले आणि मलमाचे राहिले.

तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी आजच्या दुचाकीस्वारासारखा मुलुंडमार्गे जात नसे. तो मुंबई बंदरात होडीत बसून पनवेलच्या धक्क्यावर उतरे आणि तिथून पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करी. साष्टी बेट, म्हणजे आजची बहुतेक सारी उपनगरे, या वाटेच्या बाजूला पडलेली होती. भातशेती, मिठागरे, ताडाची झाडे आणि विखुरलेली गावठाणे.

ते चित्र पालटण्याची सुरुवात भांडुपला झाली. मुंबई सरकारचा मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ मध्ये भांडुपला आला असता त्याच्या मनात मुंबईपासून ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर या घाटांपर्यंत लोहमार्ग नेण्याची कल्पना प्रथम आली, असे रेल्वेच्या इतिहासात सांगितले जाते. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५६ मध्ये रूळ खोपोलीला पोचले. १८५८ मध्ये डोंगरावरून खंडाळा ते पुणे हा भाग सुरू झाला. आणि मध्ये राहिला तो घाट.

पाच वर्षे अशी गेली की प्रवासी आगगाडीने खोपोलीला येई, तिथे उतरून माल्कमच्या रस्त्याने पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडी पकडे. वाफेच्या दोन टोकांमध्ये भोयांच्या खांद्यांचा पूल होता. आज खोपोलीत चहासाठी थांबणाऱ्या जोडप्याच्या मागेपुढे ज्या टपऱ्या आहेत, त्या परिसरात तेव्हा पालखीच्या भाड्याची घासाघीस चालत असणार.

आता या घाटातल्या खऱ्या जोडप्यांकडे वळू.

बोरघाटाचा लोहमार्ग सुमारे १५ मैलांचा आणि चढ १,८३१ फुटांचा. पंचवीस बोगदे, अनेक दरीपूल, आणि काही ठिकाणी दर ३७ फुटांमागे एक फूट इतकी तीव्र चढण. जेम्स बर्कली हा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य अभियंता होता. मध्ये एके ठिकाणी डोंगर इतका अंगावर येतो की वळण घेण्यास जागाच उरली नाही. म्हणून तिथे उलटफेर स्थानक बांधले. गाडी एका दिशेने आत येई, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि उलट्या दिशेने पुढचा चढ सुरू होई. १९२९ पर्यंत गाड्या अशाच चढत होत्या.

हे काम करणारी माणसे कोण होती? १८६१ च्या आरंभी घाटात ४२,००० हून अधिक माणसे कामावर होती. त्या काळच्या हिंदुस्थानात एका जागी, एका कामावर इतकी माणसे लष्कराबाहेर क्वचितच दिसली असतील. आणि ती एकेकटी आलेली नव्हती. रेल्वेच्या मातीकामाची रीतच कुटुंबाची होती. पुरुष कुदळीने खोदत, बायका पाट्या भरून डोक्यावरून माती वाहत, मुले हाताशी असत. मजुरी मोजली जाई ती उचललेल्या मातीवर, म्हणजे एका अर्थी जोडप्यावर. नवरा आजारी पडला तर पाटी भरत नसे आणि बायको आजारी पडली तर खोदलेली माती जागची हलत नसे.

कडा जिथे सरळ तुटलेला होता तिथे माणसांना दोराने बांधून खाली सोडत. दरीवर लोंबकळत ती सुरुंगासाठी भोके पाडत. दोर तुटला की पुढे काही करण्यासारखे नसे. तरीही अपघातापेक्षा रोगानेच माणसे अधिक मेली. पावसाळ्यात उघड्यावरचे काम जवळजवळ थांबत असल्याने सारी गर्दी कोरड्या महिन्यांत होई. गवताच्या झोपड्यांची वस्ती, आटलेले झरे, एकाच डबक्यातले पिणे आणि धुणे. अशा वस्तीत पटकी शिरली की झोपड्याच्या झोपड्या रिकाम्या होत. आज ज्या वसंतात उपनगरातली जोडपी घाट पाहायला येतात, तो ऋतू तेव्हा घाटातल्या जोडप्यांना सर्वांत जड जाणारा होता. मृतांची विश्वसनीय मोजदाद कोणी केली नाही. इयान केर यांच्यासारख्या अभ्यासकांनी उपलब्ध कागदपत्रांवरून बांधलेले अंदाजही अनेक हजारांत जातात.

पहिला कंत्राटदार होता विल्यम फेव्हिएल. मजुरी थकली, मधले उपकंत्राटदार पैसे दाबून बसले आणि १८५९ च्या जानेवारीत मजूर उठले. गोऱ्या देखरेख्यांवर हल्ले झाले, सैन्य बोलवावे लागले. हे लक्षात घेण्याजोगे आहे, की १८५७ च्या उठावाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. हातात कुदळी असलेला हजारोंचा जमाव म्हणजे सरकारच्या काळजाचा ठोका चुकवणारी गोष्ट. दुसऱ्याच वर्षी, १८६० मध्ये, बांधकामांवरील मालक आणि मजूर यांच्या तंट्यांसाठी कायदा झाला. मजुरीचा वाद दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याची सोय त्यात होती, तशी काम सोडून जाणाऱ्याला शिक्षा करण्याचीही होती. फेव्हिएलने मात्र १८५९ मध्येच काम सोडले होते.

त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल हा अनुभवी इंग्रज कंत्राटदार आला. १८५९ मध्ये पत्नी अ‍ॅलिससह तो मुंबईत उतरला आणि काही आठवड्यांतच आजाराने मरण पावला. परक्या देशात तरुण विधवा, आणि हाती आशियातले त्या वेळचे सर्वांत अवघड रेल्वेकाम. अ‍ॅलिस पहिल्या बोटीने परत गेली असती तर कोणीही नावे ठेवली नसती. तिने कंत्राट स्वतःच्या नावे पुढे चालवले. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन जाणकारांकडे प्रत्यक्ष बांधकाम सोपवले आणि ते पुरे करून घेतले. कामाच्या छायाचित्रांचा एक संग्रहही तिच्या नावाशी जोडला जातो.

२१ एप्रिल १८६३ रोजी, ऐन वसंतात, गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. बर्कली तो दिवस पाहू शकला नाही. आदल्या वर्षीच तो इंग्लंडात निधन पावला होता. मुंबई-पुणे प्रवासातून पालखी कायमची गेली.

अ‍ॅलिस ट्रेडवेलबद्दल अलीकडे बरेच लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिचे कौतुक करताना एक फरक विसरून चालणार नाही. त्याच घाटात, त्याच वर्षांत, नवरा गेल्यावर पाटी डोक्यावर घेऊन कामावर राहिलेल्या बायका किती असतील! त्यांच्या नावे कंत्राट नव्हते, म्हणून कागदही नाही.

कागद नसला की माणसे दगड उभा करतात. जुन्या रस्त्याने घाट चढताना शिंगरोबाचे देऊळ लागते. लोककथा अशी, की इंग्रजांना डोंगरातून मार्ग सापडेना. तेव्हा आपली जनावरे घेऊन रोज डोंगर चढणाऱ्या शिंगरोबा नावाच्या धनगराने त्यांना वाट दाखवली. बक्षीस काय हवे, असे विचारले तेव्हा त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि त्याला गोळी घालण्यात आली. कोणी ही कथा गाडीरस्त्याची म्हणून सांगतात, कोणी रेल्वेची म्हणून.

इतिहासाच्या कसोटीवर ही कथा जशीच्या तशी उतरत नाही. बोरघाटाची वाट इंग्रजांपूर्वी दीड-दोन हजार वर्षे वाहती होती आणि १८३० च्या माणसाच्या तोंडी स्वातंत्र्याची ही भाषा नंतरच्या काळाची वाटते. तरीही तिला थाप म्हणून बाजूला सारणे उथळपणाचे होईल. जनावराच्या पायाला चढ कळतो, आणि जनावरामागे चालणाऱ्याला डोंगराच्या सोंडा पाठ असतात. सर्वेक्षकांनी अशाच माणसांना विचारून आपल्या रेषा आखल्या आहेत. अहवालांत वाटाड्यांची नावे सहसा येत नाहीत. शिंगरोबा हे त्या सगळ्यांचे एक नाव आहे, असे मानले तर कथा पुष्कळच खरी ठरते. मालमोटारीचे चालक आजही तिथे वेग कमी करून नाणे टाकतात आणि दुचाकीवरची जोडपीही क्षणभर थांबतात.

रस्ता झाला, रूळ झाले. पण सहलीला जायला सुटी लागते.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुटी नव्हती. दिवस उजाडला की यंत्र सुरू आणि अंधार पडला की बंद. ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याला एक दिवस सुटी मागितली. रविवार हा परंपरेने खंडोबाचा वार, त्यामुळे मागणी कामगारांच्या मनाला परकी नव्हती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली आणि पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटी देशभर लागू झाली. १८९७ च्या फेब्रुवारीत, प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करीत असताना, लोखंडे त्याच रोगाने गेले.

शनिवार त्याला फार उशिरा जोडला गेला. केंद्र सरकारच्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा १९८५ मध्ये आला. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना तो मिळाला २९ फेब्रुवारी २०२० पासून. खासगी नोकरीतल्या कित्येकांना तो अजून मिळालेला नाही, आणि म्हणूनच रविवारी पहाटे निघून रात्री परतणाऱ्यांची संख्या मोठी असते.

सुटी मिळाली तरी घाट लगेच सर्वांचा झाला नाही. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन आरंभी शनिवार-रविवारचीच गाडी होती. पुण्याला घोड्यांच्या शर्यतींसाठी जाणारे साहेब आणि शेठ हे तिचे गिऱ्हाईक. तिला पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसरा वर्ग जोडला गेला तो १९५५ मध्ये. पंचवीस वर्षे त्या गाडीतून घाटाची शोभा पाहण्याचा परवाना तिकिटाच्या दराने ठरत होता.

सामान्य मराठी माणूस या काळात घाट चढत नव्हता असे नाही. तो उतरत होता. सातारा, पुणे, कोल्हापूरकडची माणसे पोटासाठी मुंबईला आली. कोणी गिरणीत लागले, कोणी दाणाबंदरात पाठीवर पोती वाहू लागले. त्यांच्यासाठी मुंबईने एक शब्द घडवला, ‘घाटी’. मुळात घाटावरचा एवढाच त्याचा अर्थ. उच्चारणाऱ्याच्या सुरामुळे तो शिवी झाला. माथ्यावर ओझे वाहणाऱ्यांसाठी १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, गिरणगावातली आणि बंदराकडची कुटुंबे हळूहळू घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडकडे सरकली. वर्षातून दोनदा, गणपती-दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला, एसटीने बोरघाट चढायचा, आणि तोही बहुधा रात्रीच्या अंधारात. खिडकीबाहेर काय आहे ते पाहायला त्या प्रवासात उसंत नसे. घाट म्हणजे मुलांना गाडी लागण्याची जागा.

त्यांच्या नातवंडांना तोच डोंगर उजेडात दिसला, आणि त्याचे कारण दुचाकी.

यातही उपनगरांचा वाटा आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी भांडुपच्या कारखान्यात इटालियन लॅम्ब्रेटा स्कूटर तयार करीत असे. क्लार्कला जिथे रेल्वे सुचली म्हणतात, त्याच भांडुपमधून मध्यमवर्गाची दुचाकी बाहेर पडावी, हा निव्वळ योगायोग; पण सुखद आहे. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज कंपनी व्हेस्पा आणि १९७२ पासून चेतक बनवू लागली. परवाना राज्यात उत्पादन मर्यादित, मागणी अफाट. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. लग्न ठरताना ‘स्कूटरचा नंबर लागला आहे’ हे स्थळाचे गुण सांगताना अभिमानाने सांगितले जाई.

त्या स्कूटरी घाटासाठी नव्हत्याच. दोन माणसे घेऊन चढताना इंजिन तापे आणि मध्येच बंद पडे. मग नवऱ्याने गाडी एका अंगावर कलती करायची, थोडा वेळ थांबायचे, पुन्हा किक मारायची. बायकोने उतरून पुढच्या वळणापर्यंत चालत जायचे. खरा बदल १९८० च्या दशकात झाला. जपानी कंपन्यांशी करार होऊन हलक्या मोटारसायकली आल्या. १९८५ मध्ये हिरो होंडाची शंभर सीसीची चार-स्ट्रोक गाडी बाजारात आली आणि थोड्या पेट्रोलात खंडाळा गाठून परत येणे पगारदाराच्या आवाक्यात आले. नव्या शतकात दीडशे सीसीच्या गाड्या आल्यावर चढाची भीती उरली नाही.

मागे बसणाऱ्या स्त्रीची नोंद कायद्यानेही घेतली आहे, ती मोठी बोलकी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२३ वा नियम सांगतो, की मोटारसायकलला मागच्या माणसासाठी हाताची पकड, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही एवढा भाग झाकणारे संरक्षक साधन असलेच पाहिजे, म्हणजे कपडे चाकात अडकणार नाहीत. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. नियमात ‘साडी’ हा शब्द नाही, पण नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एका बाजूला पाय टाकून बसलेली, एका हाताने पदर आणि दुसऱ्याने मूल सांभाळणारी बाई होती, हे उघड आहे. आज घाटात दिसणारी तरुणी दोन्हीकडे पाय टाकून बसते, आणि पुष्कळदा ती मागे नसून पुढे असते.

नियम आता तिच्या डोक्याचाही विचार करतो. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे, हे कायद्यात आधीपासून होते. मुंबई वाहतूक पोलिसांनी जून २०२२ पासून त्याची कसोशीने अंमलबजावणी सुरू केली. मुलुंडच्या टोलनाक्यापर्यंत एकच हेल्मेट आळीपाळीने घालणारी जोडपी त्यानंतर कमी झाली.

घाट मात्र स्थिर राहिलेला नाही. ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत रस्ते ओस पडले असताना, अमृतांजन पूल सुरुंगांनी पाडण्यात आला. त्याचे खांब वाहतुकीला अडथळा ठरत होते, अपघात होत होते, हे खरे. तरी १९० वर्षे उभ्या असलेल्या पुलाचे जाणे कोणाच्याही देखत झाले नाही. त्या वसंतात घाटात एकही जोडपे नव्हते. निर्बंध उठल्यावर जे पहिले आले त्यांना नेहमीच्या वळणावर नेहमीची कमान दिसली नाही, आणि काय चुकते आहे हे क्षणभर कळेना.

आता चैत्र लागला की रस्त्याच्या कडेला ठाकर-कातकरी बायका पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसतात. समोरच्या डोंगरात सकाळची इंटरसिटी बोगद्यातून बाहेर येते, पुन्हा आत जाते. गाडी कडेला लावून जोडपी करवंदे घेतात, डिंकाने ओठ चिकटतात, हसतात. खाली उलटफेर स्थानकाची जागा आहे. ती कोठे आहे, असे विचारले तर करवंदे विकणारी बाई बोटाने दाखवते. रविवारी संध्याकाळी परतीची गर्दी होते. खोपोलीपासून पनवेलपर्यंत दिव्यांची रांग लागते आणि मुलुंड गाठायला जाताना लागला त्याच्या दुप्पट वेळ लागतो.